आधी पान उलटून बघ

विकत घ्यायच्या जुन्या चित्रपानांचे तू पाठवलेले दोन्ही फोटो पाहिले. एकात सोनेरी किनारीतला घोडेस्वार, दुसऱ्यात कडा कसरीने खाल्लेलं पान. कुठलं घेऊ, असं विचारतेस. पण पाठीचा फोटो कुठे आहे?

आधी पान उलटून बघ. अकबराच्या हमजानाम्यात, म्हणजे अमीर हमजाच्या साहसकथांच्या सचित्र हस्तलिखितात, सुमारे १४०० चित्रं होती आणि पुढे चित्र, पाठीवर कथा अशी त्याची मांडणी. भिंतीवर टांगलं की कथा मुकी. बाजारात उलटाही प्रकार चालतो: फारसी मजकुराचं पान खरोखर जुनं, त्यावरची शिकार मात्र परवा रंगवलेली. पाठीवर हिशोब आणि पुढे बादशाह, हे जुळतं का? फारसी वाचणारा माणूस गाठ, लाजू नकोस.

मी तिशीत रागमालेचं, म्हणजे राग-रागिण्यांच्या चित्रमालेचं, एक पान घेतलं होतं. पाठीवर दोन ओळी आणि एक आकडा. पान सपाट दिसावं म्हणून चौकटवाल्याला मीच ते पुठ्ठ्यावर डकवायला सांगितलं. ओळी वाचल्या नव्हत्या, आकडाही टिपून ठेवला नव्हता. रागमालेच्या संचात बहुधा ३६ चित्रं असतात. माझं कितवं, ते आता कळायचं नाही. अजूनही तिकडे बघवत नाही.

"संधी जाईल" म्हणतेस. जाऊ दे! इराणचा बादशाह शाह तहमास्प याच्या शाहनाम्यात, म्हणजे राजांच्या महाकाव्याच्या सचित्र हस्तलिखितात, २५८ चित्रं होती. अमेरिकी संग्राहक आर्थर हॉटन यांनी तो १९५९ मध्ये घेतला आणि पुढे पानं सुटी करून वाटली, विकली. उरलेला भाग १९९४ मध्ये एका आधुनिक चित्राच्या बदल्यात इराणला गेला. सुटं पान घेणारा प्रत्येक जण त्या कात्रीला धार लावतो. मी शिवणीजवळ ताजा काप दिसलेली पानं परत केली, त्यावरून मित्र तुटले. त्यांना तो हट्ट वाटला. माझं काही चुकलं नाही, आजही तेच करीन.

आणि कागदपत्रं हीसुद्धा चित्राची पाठच. आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षांवरचं चित्र पुरावस्तू ठरतं. हस्तलिखिताला ७५ वर्षं पुरतात. विकणाऱ्याचा परवाना माग, नोंदणीचा दाखला माग. तो चिडला तर नमस्कार करून ऊठ.

घोडेस्वार देखणा आहे, मलाही मोह झाला. उद्या जा, खिडकीच्या उजेडात दोन्ही पाठींचे फोटो काढ, फ्लॅश नको. मग बोलू.