आशावादी विज्ञानकथा डिस्टोपियाला, म्हणजे भविष्यातील भयावह समाजाच्या कल्पनेला, नाकारते का?

नाही, ती संकट मान्य करते, मात्र संकटात माणसे एकमेकांवर तुटून पडतीलच, हे डिस्टोपियाचे गृहीतक तपासून पाहते. बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांच्या १९०५ सालच्या ‘सुलतानाज् ड्रीम’ या कथेतल्या स्त्रियांच्या राज्यात स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, मृत्युदंड नसतो आणि अपराध्याला मनापासून पश्चात्ताप झाल्यास क्षमा मिळते (पुरुषांना तेथे घरात कोंडलेले आहे, ही उणीव मला खटकते).

आपल्या नाशिक जिल्ह्यातील फड पद्धतीत (बंधाऱ्याखालील शेतजमिनीचे फड, म्हणजे भाग, पाडून सामूहिकपणे पाणी देण्याच्या पद्धतीत) मला अशा कथेचे बीज दिसते: बंधाऱ्याच्या पाण्याचे नियोजन शेतकरी एकत्रितपणे करतात, पाटकरी ते शेतापर्यंत पोहोचवतो आणि पाणी कमी असलेल्या वर्षी किती फड भिजवायचे हेही मिळूनच ठरते. तुटीची झळ कोणी किती सोसायची, हा न्यायाचा गाभ्याचा प्रश्न इथल्या लेखकांनी भविष्यकथेत जरूर हाताळावा.