खाडीच्या तोंडाशी वारा आणि ओहोटी

तुम्ही हवामानाचा अंदाज पाहता, हे चांगलंच. पण फक्त वाऱ्याचा आकडा बघून बोट काढू नका. तोच वारा भरतीत सुसह्य वाटतो आणि ओहोटीत जीवघेणा ठरतो. खाडीतून पाणी जोरात बाहेर निघालेलं असताना वारा समुद्राकडून आत येत असेल, तर लाटा उंच, उभ्या आणि एकमेकींना चिकटून येतात. उथळ तोंडाशी तर त्या फुटतातच. छोटी बोट तिथेच उलटते. म्हणून निघण्याच्या वेळेपेक्षा परतीची वेळ आधी ठरवा.

साधारण सहा तासांच्या ओहोटीत निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच उतरतं. त्या वेळी तोंडातून जाणं टाळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा प्रवाह आणखी जोरकस. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. गेल्या आठवड्याच्या आठवणीवर विसंबू नका.

अंदाजात लाट 1.5 मीटर लिहिली असेल, तर ती सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून तिच्या दुप्पट उंचीची लाट येणारच, हे मी प्रत्येक नवख्याला आवर्जून सांगतो. वाऱ्याचा आकडाही सरासरीच, झोत त्याहून जास्त.

भरतीचं कोष्टक चंद्र-सूर्याच्या गणितावर बनतं, त्यात आजचा वारा धरलेला नसतो. जमिनीकडून सतत वारा असला की पाणी कोष्टकापेक्षा कमी भरतं. वाळूच्या दांड्यावरून जाताना तेवढी जास्त खोली हाताशी ठेवा.