गॅरेजच्या दाराची बिजागरी: आधी ओळंबा, मग बेअरिंग

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नेरुळला रो-हाउस. रात्री दोनला कामावरून आलात की गॅरेजचं रोलिंग शटर खडखडतं आणि भिंतीपलीकडचं तान्हं बाळ उठतं. म्हणून शटर काढून चार पानांचं लोखंडी फोल्डिंग दार करायचं आहे. दहा फूट रुंद, सात फूट उंच, दोन पानं डावीकडे, दोन उजवीकडे. बिजागऱ्या स्वतः डिझाइन करून लेथवाल्या टर्नरकडून बनवून घ्यायच्या आहेत. त्यात बेअरिंग टाकू, नायलॉनचं बुश (पिनेभोवती बसणारी बाही) टाकू की गनमेटलचं (तांब्या-कथलाचा मिश्रधातू), असं विचारलंय.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये माझा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. दारं आणि गेटं यातच अठ्ठावीस वर्षं गेली. बेअरिंगचं सांगतो, पण आधी आकडे मांडू, कारण आकडे मांडले की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तुमचं एक पान अडीच फूट बाय सात फूट. ४० बाय ४० चा २ मिमी चौकोनी पाइप, मधे एक आडवा आणि वर १६ गेजचा पत्रा धरला तर पान साधारण ३६ किलोचं होईल. भिंतीकडच्या बिजागऱ्यांवर दोन पानं लटकणार, म्हणजे ७२ किलो. उघडताना दोन्ही पानं सरळ रेषेत आली की वजनाचा मध्य बिजागरीपासून ७६ सेंमीवर जातो. वरच्या-खालच्या बिजागरीत १.८ मीटर अंतर ठेवलंत तर वरची बिजागरी ३० किलोने बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. सगळं वजन मात्र ज्या बिजागरीच्या दोन भागांची तोंडं एकमेकांना टेकतील तिच्यावर.

आता घर्षण. २० मिमीची पिन, साधं ग्रीस, साधा वॉशर. घर्षणाचा गुणांक ०.२ धरा. दोन्ही बिजागऱ्यांचं मिळून सगळं घर्षण ओलांडायला दाराच्या टोकाकडे हाताला जोर लागतो तो फक्त सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. ग्रीस सुकलं, गंज चढला, गुणांक तिप्पट झाला, तरी सातशे ग्रॅम. दोन बोटांनी ढकलता येईल एवढंच.

मग लोकांना खांदा लावून गेट का ढकलावं लागतं? कारण बिजागऱ्या एका रेषेत नसतात. तीन बिजागऱ्यांपैकी एक जरी तीन मिलिमीटर बाहेर असेल, तर दार फिरवताना दर वेळी चौकट आणि पान वाकवावं लागतं. तो जोर घर्षणाचा नाही, लोखंड वाकवण्याचा आहे. तिथे जगातलं सर्वात महाग बेअरिंग घातलं तरी काही फरक पडत नाही.

हे मी शिकलो ते कोपरीच्या एका गेटवर. काम माझंच होतं, तीन बिजागऱ्या, आणि चार महिन्यांत गेट असं किंचाळायला लागलं की वरच्या मजल्यावरचे आजोबा दुपारी खाली उतरून आले. मी ग्रीस भरलं. दोन दिवस शांत, परत तेच. शेवटी लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक एकेका बिजागरीला लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि मुलाला गेट फिरवायला सांगितलं. वरची गप्प, खालची गप्प. मधली कानात किंचाळली. पिन काढली तर एका बाजूला वरच्या टोकाशी आरशासारखा चकचकीत पट्टा, आणि बरोबर उलट्या बाजूला खालच्या टोकाशी दुसरा. बाकी पिनेवर रंगसुद्धा शाबूत. आणि काळपट लाल भुकटी, बोटावर घेतली तर पीठ. ती पिन फिरत नव्हती, चावली जात होती. मी मधली बिजागरी ग्राइंडरने कापून काढली. गेट गप्प झालं. त्यानंतर सात फुटांच्या पानाला मी तिसरी बिजागरी कधीच लावलेली नाही.

आता आवाजाबद्दल. कमी घर्षण म्हणजे कमी आवाज, असं नसतं. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की किंचाळतो, तिरका धरला की नाही. बिजागरीत तेच होतं: पिन क्षणभर अडकते, थोडा पीळ खाते, सुटते, परत अडकते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा. पकडून ठेवणारं घर्षण सरकतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असलं की हे होऊ शकतं. मागे १६ गेजचा पत्रा ढोलाच्या पानासारखा ताणलेला, तो तेवढ्याशा कंपाचा गजर करतो. म्हणून निवडायचा माल असा हवा, ज्याच्यात या दोन घर्षणांत फरक जवळजवळ नाही. टेफ्लॉन तसा आहे. बाजारात ज्याला डीयू बुश म्हणतात, म्हणजे पोलादी पाठ, मधे ब्राँझचा थर आणि आत टेफ्लॉनचं अस्तर, तो हळू आणि थोड्याच कोनात फिरणाऱ्या कामासाठीच बनवलेला असतो. २० मिमी पिनेसाठी बाहेरचा व्यास २३ मिमी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतो. फक्त टर्नरला बजावून सांगा की आतून रीमर (भोक घासून मापाला आणायचं हत्यार) मारायचा नाही, अस्तर निघून जातं. भोक २३ ला नीट बोअर करायचं आणि बुश सरळ दाबून बसवायचं. पाइपाचे तुकडे वापरू नका, पाइपाच्या आत जोडाची उभी रेघ असते. भरीव बार बोअर करून घ्या.

नायलॉन नको. पाणी पितं. आपल्या पावसाळ्यात ते फुगून पिनेला आवळतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात परत सैल होतं. प्लास्टिकच हवं असेल तर डेल्रिन घ्या, ते फारच कमी पाणी घेतं. पण तेही उष्णतेने लोखंडाच्या आठ-नऊपट पसरतं, तेव्हा पिनेभोवती ०.१५ मिमी तरी मोकळीक ठेवा. तेल भरलेलं सिंटर ब्राँझचं (ब्राँझची भुकटी दाबून भाजलेलं) बुश सतत फिरणाऱ्या पंख्यासारख्या कामाला उत्तम, कारण फिरण्याच्या उष्णतेनेच त्यातलं तेल बाहेर येतं. दिवसातून दोनदा नव्वद अंश फिरणाऱ्या दारात ते तसंच कोरडं बसून राहतं. गनमेटल चालेल, मी वर्षानुवर्षं वापरलं, पण ग्रीस निपल द्यावं लागतं आणि वर्षातून दोनदा आठवण ठेवून भरावं लागतं.

पिन एसएस ३०४ ची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची घ्या. खाडीची हवा आहे, एमएस म्हणजे साध्या लोखंडाची पिन गंजली की तो गंज टेफ्लॉनचं अस्तर सँडपेपरसारखा खातो. पण एसएसची पिन थेट एसएसच्या भोकात कधीच फिरवू नका. ते दोन्ही एकमेकांना चावतात आणि एक दिवस अशी जाम होतात की कापूनच काढावी लागतात.

वजन कुठे टेकवायचं, हा या डिझाइनचा खरा गाभा. जुन्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजांना आजच्यासारख्या बिजागऱ्या नसायच्या, दाराच्या कडेचा खुंट खाली दगडातल्या खळग्यात फिरायचा. एवढी जड दारं पोरं ढकलायची, कारण सगळं वजन एका लहानशा टोकावर असायचं. तुम्हीही तेच करा. खालच्या बिजागरीची पिन खांबाकडच्या भागात, तोंड वर. तिच्या डोक्यावर ड्रिलच्या टोकाने उथळ खड्डा, त्यात १६ मिमीची बेअरिंगची गोळी. पानाकडचा भाग म्हणजे वरून बंद, उलट्या वाटीसारखा, आत डीयू बुश आणि वाटीच्या छताला आतून गाडीच्या कमानपाट्याची कापलेली चकती. गोळी त्या चकतीला टेकते. दार त्या एका बिंदूवर फिरतं, तोंडाला तोंड घासत नाही. पाऊस वाटीवरून ओघळून जातो, आत शिरत नाही. ५११०४ नंबरचं थ्रस्ट बेअरिंगही (उभं वजन पेलणारं) बसेल, २० बाय ३५ बाय १० मिमी, पण ते उघडं असतं, पाणी लागलं की गंजतं, आणि तुमच्या ७२ किलोला त्याची गरज नाही.

वरची बिजागरी तशीच, गोळीशिवाय. तिच्यात उभ्या दिशेला दोन मिलिमीटर मोकळी जागा सोडा, म्हणजे ती वजन कधीच घेणार नाही, फक्त ओढ घेईल. दोन्हींनी वजन घ्यायचं ठरवलंत तर कोण किती घेतंय ते उन्हातान्हात बदलत राहतं आणि कुरकुर सुरू होते. पानापानांमधल्या बिजागऱ्यांना ३६ किलोच आहेत, तिथे १२ मिमी पिन पुरे, पण नियम तोच: खालची वजन घेईल, वरची नाही.

जोडणीला घाई नको, सगळं इथेच बिघडतं. दोन मीटरचा २० मिमी सरळ ब्राइट बार घ्या आणि दोन्ही बिजागऱ्यांच्या भोकांतून आरपार घाला, २३ च्या भोकांत बाराभोवती तात्पुरती बाही घालून, म्हणजे बार ढिला राहणार नाही. त्यासाठी त्या वेळी वाटीचं झाकण आणि पिना लावलेल्या नसाव्यात, दोन्ही नंतर दाबून बसवा. बार दोन बाजूंनी ओळंब्यात आणा. वेल्डिंगचे छोटे टाके मारा, आधी एका बाजूला, मग समोर, प्रत्येक टाक्यानंतर बार दोन बोटांनी फिरतो का बघा. अडला तर त्या क्षणी थांबा. वेल्डिंगच्या उष्णतेने बिजागरी टाक्याकडे ओढली जाते, म्हणून लांब शिवण एका दमात कधीच नाही. बुश वेल्डिंगनंतर, सगळं हाताला गार लागल्यावर. आणि वेल्डिंगची अर्थ वायर ज्या भागाला वेल्डिंग चाललंय त्याच भागाला लावा. करंट गोळीतून गेला तर तिच्यावर बारीक खड्डे पडतात आणि नवं दार पहिल्या दिवसापासून खरखरतं.

ओळंब्याबद्दल एवढं का बोलतोय ते सांगतो. अशी हलकी बिजागरी झाली की १.८ मीटरला दोन मिलिमीटरचा कल असला तरी सरळ उघडलेलं दार आपणहून चालायला लागतं. वाऱ्याला तर तीन चौरस मीटरचं शीड मिळतं. रात्री दोनला दार खांबावर आपटलं तर बाळ शटरच्या आवाजापेक्षा जोरात रडेल. म्हणून उघड्या दाराला धरणारा जमिनीचा हूक आणि बंद होताना रबरी स्टॉपर, दोन्ही आधीच धरून चला. बोल्टच्या खोबणीत रबर किंवा नायलॉनचा तुकडा बसवा. निम्मा आवाज कडीचाच असतो. पत्र्याला आतून गाड्यांच्या दारात लावतात त्या डांबरी शीट चिकटवा, मधल्या एक तृतीयांश भागाला लावल्या तरी पुरतात. दाराचा खांब मात्र शेजाऱ्यांच्या सामायिक भिंतीला लागून घेऊ नका. जमिनीतून स्वतंत्र उभा करा, भिंतीपासून बोटभर सुटा. लोखंडातला आवाज भिंतीतून हवेपेक्षा फार सहज जातो.

तुम्हाला कोणीतरी वर जाणारं तुकड्यांचं दार सुचवलंय असं लिहिलंत. ते चांगलं असतं, पण त्यात आवाज बिजागरीपेक्षा रोलर आणि रुळाचा असतो, आणि वजन तोलणारी स्प्रिंग ताणलेली असते, ती स्वतः सोडायचा प्रयत्न कोणीही करू नये. छतालाही जागा लागते.

गोडेतेल, खोबरेल, स्प्रे यातलं काहीच घालू नका. गोडेतेल चिकट होऊन धूळ धरतं, स्प्रे आतलं ग्रीस धुऊन काढतो. गोळीच्या खड्ड्यात पाण्याला टिकणारं कॅल्शियम ग्रीस एकदा भरा, डीयू बुश कोरडं ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आधी, दार उचलून पिन बघा. चमक सगळीकडे सारखी असेल तर हात लावू नका. एकाच कडेला पट्टा दिसला तर फोटो टाका. आणि खांब काँक्रीटचा करताय की आयबीमचा ते कळवा, अँकरचं गणित त्यावर अवलंबून आहे.