होम सर्व्हरच्या डिस्क कशात फॉरमॅट कराव्यात?

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून घरचा सर्व्हर करतोय. रॅम ८ जीबी, ४ टीबीच्या दोन सारख्या डिस्क. ठेवायचे आहेत फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि थोडे व्हिडिओ. फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) म्हणून ईएक्सटी४ पुरेल की झेडएफएसच घ्यावी? आणि घरातले लॅपटॉप विंडोजचे आहेत, त्यांना या डिस्क वाचता येतील ना?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. लॅपटॉप तुमची डिस्क वाचतच नाही. डिस्क सर्व्हर वाचतो आणि सांबा हा प्रोग्राम त्यावरची फाइल नेटवर्कवरून लॅपटॉपला देतं. त्यामुळे विंडोजसाठी सर्व्हरवर एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) ठेवायची काही गरज नाही.

ईएक्सटी४ भरवशाची आहे, पण फाइलच्या आतला मजकूर शाबूत आहे की नाही हे ती तपासत नाही. तिचे चेकसम (मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) फक्त मेटाडेटापुरते (फाइलचं नाव, आकार, जागा अशा नोंदी). एमडी-रेडने (लिनक्समधली डिस्क जोडण्याची सोय, थोडक्यात एमडी) दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर एकसारखी प्रत) केला आणि एका डिस्कवरचा ब्लॉक गुपचूप बिघडला, तर तपासणीत ‘दोन प्रती जुळत नाहीत’ एवढंच कळतं. खरी कोणती, हे एमडीला ठाऊक नसतं. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते. वाचताना तो जुळला नाही, तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत देते आणि बिघडलेली दुरुस्तही करते. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फोटोंसाठी हाच गुण मोलाचा. तुम्ही झेडएफएसचा मिरर करा.

रॅमची धास्ती नको. ‘प्रत्येक टीबीला १ जीबी’ हा नियम घरच्या वापराला लागू नाही. ८ जीबीत आरामात चालेल, फक्त डीड्युप (सारखे ब्लॉक एकदाच ठेवण्याची सोय) चालू करू नका. त्याच मशीनवर आणखी काही चालवणार असाल, तर एआरसी या कॅशची कमाल मर्यादा ३-४ जीबीवर बांधून टाका. ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) असली तर उत्तम, पण ती नाही म्हणून झेडएफएस टाळायचं कारण नाही.

पूल (झेडएफएसने एकत्र जोडलेल्या डिस्कचा साठा) बनवताना डिस्कची नावं ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी देऊ नका. रीबूटनंतर ती अदलाबदल होतात. ‘बाय-आयडी’ फोल्डरमधली, सीरियल नंबर असलेली नावं द्या. डिस्क बदलायची वेळ आली की लेबलवरचा नंबर पाहून नेमकी तीच काढता येते. ‘अ‍ॅशिफ्ट’ (सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या सर्वांत लहान तुकड्याचा आकार ठरवणारा आकडा) १२ असं स्वतः लिहा (२ चा १२ वा घात, म्हणजे ४०९६ बाइट). काही डिस्क आपला सेक्टर ५१२ बाइटचा आहे असं खोटंच सांगतात. त्यावर विसंबून ९ पडलं तर लिहिणं रखडतं आणि तो आकडा नंतर बदलता येत नाही. कॉम्प्रेशन एलझेड४, ‘एटाइम’ (फाइल शेवटची कधी वाचली याची नोंद) बंद. फोटो, कागदपत्रं आणि व्हिडिओ यांचे वेगळे डेटासेट (पूलमधले स्वतंत्र विभाग) करा. व्हिडिओच्या डेटासेटला ‘रेकॉर्डसाइज’ (ब्लॉकचा कमाल आकार) १ एमबी द्या, बाकीच्यांना मुळातलं १२८ केबी ठीक आहे.

महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून चेकसमशी पडताळणं) चालवा आणि ‘झेडपूल स्टेटस’ मधला चेकसमचा रकाना बघा. एकाच डिस्कपुढे आकडा दिसला, तर ती लगेच फेकू नका; आधी साटा केबल बदला, मग पुन्हा स्क्रब. दोन्ही डिस्कपुढे एकदमच चुका दिसल्या, तर संशय रॅम, कंट्रोलर किंवा पॉवर सप्लायवर घ्या.

प्रश्न : माझ्याकडे ३, ४ आणि ६ टीबीच्या तीन डिस्क आहेत. पुढेही जशा मिळतील तशा वाढवणार.

उत्तर : इथे बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम सोयीची. तिच्या रेड-१ मध्ये प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर जातात. डिस्क तीन असल्या तरी प्रती दोनच, म्हणजे एकच डिस्क गेलेली चालते. एकूण १३ टीबीतून ६.५ टीबी जागा हाती येते, कारण सर्वांत मोठी डिस्क बाकीच्या दोघींच्या बेरजेपेक्षा लहान आहे. तिची रेड-५ आणि रेड-६ मात्र वापरू नका. लिहिताना वीज गेली तर पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठी ठेवलेला हिशोब) आणि डेटा यांचा मेळ तुटू शकतो. मेटाडेटाही रेड-१ मध्येच ठेवा.

दोन खोड्या आधीच माहीत असू द्या. डिस्क गेल्यावर मशीन रीबूट झालं, तर ‘डिग्रेडेड’ हा पर्याय दिल्याशिवाय ती माउंट होत नाही. आणि कधी ‘डीएफ’ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा शिल्लक दाखवतं, तरी लिहिताना ‘जागा नाही’ असं उत्तर येतं. सगळी जागा अर्धवट भरलेल्या तुकड्यांना वाटली गेलेली असते; ‘बॅलन्स’ (तुकडे पुन्हा मांडणारी कमांड) ला ‘डीयूसेज’ २० (म्हणजे २० टक्क्यांपर्यंत भरलेले तुकडे) देऊन चालवलं की मोकळी होते.

ठेवणीतला माल मुख्यतः सिनेमे असेल, तर स्नॅपरेड (पॅरिटी ठेवणारं) आणि मर्जरएफएस (सगळ्या डिस्क एकत्र दाखवणारं) ही जोडी बघा. प्रत्येक डिस्कवर वेगळी ईएक्सटी४, आणि ६ टीबीची डिस्क पॅरिटीला (ती सर्वांत मोठ्या डेटा डिस्कइतकी तरी हवी). जागा ७ टीबी. मात्र शेवटच्या ‘सिंक’ (पॅरिटी ताजी करणं) नंतर टाकलेल्या फाइलींना संरक्षण नाही, म्हणून रोज बदलणाऱ्या कागदपत्रांसाठी ही नको.

प्रश्न : झेडएफएसच्या मिररमध्ये डिस्क वाढवताना ‘अ‍ॅड’ करायचं की ‘अटॅच’?

उत्तर : या एका शब्दावर पूल बुडतो. ‘अटॅच’ ने त्याच मिररला आणखी एक प्रत मिळते, जागा वाढत नाही. ‘अ‍ॅड’ ने जागा वाढते, पण एकटी डिस्क ‘अ‍ॅड’ केली तर तिला जोडीदार नसतो. ती गेली की अख्खा पूल गेला. कमांड आधी अडवते आणि जबरदस्ती करण्याचा पर्याय सुचवते. तो कधीही देऊ नका. आधी ‘-एन’ लावून काय होणार ते बघा. जागा हवी असेल तर दोन डिस्कचा नवा मिरर ‘अ‍ॅड’ करा. रेडझेडमध्ये (झेडएफएसची पॅरिटीवाली मांडणी) एकेक डिस्क वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस २.३ पासून (२०२५) आली आहे. तिथे जुना डेटा जुन्याच पॅरिटी-प्रमाणात राहतो. तो पुन्हा लिहिला तरच पूर्ण जागा मिळते.

प्रश्न : रोज स्नॅपशॉट (पूलची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था) घेतो. वेगळा बॅकअप हवाच का?

उत्तर : हवाच. स्नॅपशॉट चुकून पुसलेली फाइल परत देतो, पण तो त्याच डिस्कवर असतो. पूल गेला की तोही गेला. बाहेरच्या डिस्कवर झेडएफएसचा वेगळा पूल करून ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ ने पाठवा. पहिल्या खेपेनंतर फक्त बदललेले ब्लॉक जातात. त्यासाठी मागच्या खेपेचा स्नॅपशॉट दोन्हीकडे शिल्लक हवा. जुने पुसणाऱ्या स्क्रिप्टने तोच उडवला, तर सगळं पहिल्यापासून पाठवावं लागतं, म्हणून त्यावर ‘होल्ड’ (पुसू न देणारी खूण) लावून ठेवा.