सरकारी कंपनीच्या प्रमुखावर राजकीय दबाव नेमका कसा येतो? तो ‘नाही’ का म्हणत नाही?

मी बरीच वर्षं सरकारी तेल आणि वीज कंपन्यांचे ताळेबंद वाचतोय, त्यावरून सांगतो. विकसनशील देशांत सरकार लेखी आदेश शक्यतो देत नाही. दिला तर तोटा भरून देण्याची जबाबदारी सरकारवर येते, आणि तीच तर टाळायची असते. म्हणून निरोप तोंडी येतो : एवढ्यात भाव वाढवू नका. तोटा मात्र कंपनीच्या हिशेबात, प्रमुखाच्या सहीखाली दिसतो.

ब्राझीलच्या पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीचंच बघा. २०१६ मध्ये प्रमुख म्हणून आलेल्या पेद्रो पारेंते यांनी इंधनाचे भाव जागतिक बाजाराशी जोडले. मे २०१८ मध्ये डिझेल महागलं म्हणून ट्रकचालकांनी देश ठप्प केला, सरकार नमलं आणि १ जूनला पारेंतेंनी राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा इंधनाच्या भावावरूनच राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी तेव्हाचे प्रमुख कास्तेलो ब्रांको यांना हटवायचं जाहीर केलं. त्यानंतर शेअर एका दिवसात २० टक्क्यांहून जास्त कोसळला. त्यांच्या जागी निवृत्त जनरल सिल्वा इ लुना आले. मला इथलाच भाग सगळ्यात बोलका वाटतो. राष्ट्राध्यक्षांनी स्वतः निवडलेला लष्करी माणूस, पण आकडे समोर आल्यावर त्यानेही भाव वाढवलेच. मार्च २०२२ मध्ये त्यालाही बदलायचं ठरलं, आणि पुढचे प्रमुख तर जूनमध्येच गेले.

म्हणजे ‘नाही’ म्हणता येतं, फक्त खुर्ची सोडायची तयारी हवी.

भाव हा उघड दिसणारा दबाव. खरेदीतला दिसत नाही, आणि तो मला जास्त घातक वाटतो. दक्षिण आफ्रिकेच्या एस्कॉम या सरकारी वीज कंपनीने २०१६ मध्ये, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्या जवळच्या गुप्ता या उद्योजक कुटुंबाशी जोडलेल्या टेगेटा कंपनीला कोळशापोटी सुमारे ६६ कोटी रँड आगाऊ दिले. भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या झोंडो आयोगाने हे सगळं खणून काढलं, पण तोवर देशाला भारनियमनाची सवय झाली होती.

कायद्याने फरक पडतो का? थोडा. ब्राझीलने २०१६ मध्येच कायदा करून पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना संचालक मंडळात यायला बंदी घातली. पुढच्या वर्षी पेट्रोब्रासने आपल्या नियमावलीत लिहून घेतलं, की सरकारने बाजाराच्या अटींबाहेरचं, तोट्याचं काम लादलं तर भरपाईही सरकारनेच द्यायची. मंडळातलं बहुमत मात्र सरकारकडेच राहिलं. माझ्या मते म्हणूनच तिथे पुढे भावापेक्षा माणसं जास्त बदलली गेली.