मंडपात बास हरवतो कुठे?

प्रश्न : वय चोवीस. आमच्या ऑर्केस्ट्रात मी रिदम गिटार वाजवायचो. बासवाला सोडून गेला आणि बास गिटार माझ्या गळ्यात पडली. घरी छोट्या अँपवर बास आणि ट्रेबल पूर्ण, मिड (मधल्या सुरांचं बटण) शून्यावर ठेवतो. टोन एकदम भारी येतो. मंडपात मात्र नुसती घुमघुम. साउंडवाला म्हणतो, तू कुठला सूर वाजवतोयस तेच कळत नाही. एक प्रीअँप पेडल (गिटार आणि अँपच्या मध्ये लावून टोन बदलणारा डबा) बघून ठेवलंय. घेऊ का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : नको. निदान हा सीझन संपेपर्यंत तरी नको.

'मिड शून्यावर' असं तू सहज लिहून गेलास, पण सगळी गोम तिथेच आहे. आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून खोलीत आपण बासचं बटण फिरवत जातो आणि खूश होतो. तेच सेटिंग मंडपातल्या आवाजावर नेलं की खालचा सगळा भाग अंगावर येतो. शिवाय तिथे तू एकटा नसतोस. ऑक्टोपॅडची किक (ड्रमचा जाड ठोका) खालीच घुमत असते, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हातही तिथेच फिरत असतो. (आमच्या धंद्यातल्या निम्म्या भांडणांचं मूळ हा डावा हात आहे. चहा पाजून त्याला सांग, मी वाजवतोय तोवर दोन सप्तकं वर राहा.)

चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार, खुली ई, साधारण 41 हर्ट्झवर वाजते. मंडपातले बरेच बॉक्स तिथवर नीट उतरतच नाहीत. तरी आपल्याला ई ऐकू येतो, कारण तीच तार 82, 123, 164 असे वरचे सूरही देत असते आणि त्यांच्यावरून कान खालचा सूर स्वतःच धरतो. त्याच्याही वर, मिडच्या पट्ट्यात, बोटाचा ठसका आणि सुराची ओळख असते. तू नेमकं तेच कापून टाकतोयस. सगळी बटणं मध्यावर आण. मंडपात बास जरा खाली, मिड किंचित वर. घरी एकट्याने ऐकलास तर हा टोन नाकातला वाटेल. वाटू दे. पब्लिक तुझ्या खोलीत बसलेलं नाही.

आता हात. रिदम गिटारवरून आलेली बहुतेक मुलं बास बडवतात. जोरात ओढलेली तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटते, सुरुवातीला 'चट्' वाजतं, सूर क्षणभर चढतो आणि मागे उरतं ते पातळ. अँप वाढव, हात हलका कर. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून वापर. बोट तारेवरून सरकून पुढच्या जाड तारेवर येऊन टेकलं पाहिजे. ते हवेत उडालं की टोनही उडतो. नखं काप.

रोजचा एकच धडा देतो. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी धर. मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर. अँपचं एकही बटण न हलवता आधी नेक संपते तिथे वाजव, मग पिकअपवर (तारांखालचं, आवाज पकडणारं चुंबक), मग ब्रिजजवळ (तारांचं खालचं टोक टेकतं तिथे). तार जितकी ब्रिजजवळ छेडशील तितके वरचे सूर जास्त आणि मूळ सूर कमी. नेककडे जाशील तसा आवाज गोल आणि जाड होतो. संथ गाण्याला नेककडे, ठेक्याच्या गाण्याला ब्रिजकडे सरकायचं. तू ज्या पेडलवर डोळा ठेवलायस, त्याचं निम्मं काम या वीतभर जागेत फुकट होतं.

डावं बोट फ्रेटच्या अगदी मागे, चिकटून. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलंस तर दुप्पट जोर लागतो आणि तार किरकिरते. आणि सूर सुरू करण्याइतकंच तो थांबवणंही महत्त्वाचं. बोट उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा; बोट तारेला टेकलेलंच राहतं आणि सूर कापल्यासारखा थांबतो. वरच्या तारा वाजवताना उजवा अंगठा ई तारेवर ठेव, नाहीतर ती आपोआप घुमत राहते. मंडपातल्या तुझ्या 'घुमघुम'मधली बरीचशी ही अशी न वाजवलेल्या तारांची असणार, अशी माझी पक्की शंका आहे.

प्रश्न : चार वर्षं तारा बदललेल्या नाहीत. मित्र म्हणतो, बदल. पण तो अमेरिकन बासवादक जेम्स जेमर्सन तर तारा बदलतच नसे ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जेमर्सनचं नाव पुढे करून तारांचे पैसे वाचवणारे तुम्ही पहिले नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तो 1962चा फेंडर प्रिसिजन बास वाजवायचा, तुटल्याशिवाय तार बदलायचा नाही, हे खरं. पण त्या फ्लॅटवाउंड तारा होत्या, गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या. ब्रिजच्या झाकणाखाली फोम असायचा, आणि तो छेडायचा एकट्या तर्जनीने. त्या तारा जुन्या झाल्या की 'ठुम्' असा आखूड, गोल आवाज देतात, आणि त्याला तोच हवा होता.

तुमच्या तारांवर नख ओढून बघा. खरखर लागली तर त्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या. त्यांच्या खाचांत घाम आणि मळ बसतो, आणि आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तर फार लवकर. मग चमक जाते आणि वरच्या फ्रेटवर सूरही जुळेनासा होतो. बदला. पैसे आत्ता नसतील तर तारा काढून पाच-दहा मिनिटं पाण्यात उकळा आणि पूर्ण वाळवून लावा. एखाद-दोन कार्यक्रम निघतात. नव्या लावल्यावर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरला तर पुढे. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसायच्या, एवढंच पथ्य.

जेमर्सनचा आवाज हवाच असेल, तर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. तारेला जेमतेम टेकेल इतकाच. हा दहा रुपयांचा प्रयोग मी भेटेल त्याला करायला लावतो.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला बास शिकायचाय. हात लहान आहेत. दोन वर्षं थांबू का?
– एक आई, नाशिक

उत्तर : थांबू नका, ताई. नेहमीच्या बासची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 34 इंच असते. 30 इंचाची शॉर्ट स्केलही मिळते. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनसारखा दिसणारा हॉफनर त्याच मापाचा. तारा सैल असतात, फ्रेट जवळजवळ, आणि टोन थोडा गोलसर येतो. काही लोक त्याला खेळणं म्हणतात, तिकडे दुर्लक्ष करा. दुकानात तिला पट्टा लावून उभं राहून वाजवू द्या आणि पहिल्या फ्रेटपर्यंत हात खांदा न ओढता पोचतो का बघा. वजनही बघा, मान दुखली तर ती महिन्याभरात सोडून देईल. अँप पुढच्या वर्षी घेतलात तरी चालेल, सुरुवातीला हेडफोन पुरे. शेजारीही खूश राहतील.