पंच किती लागले आणि पंचांना किती दिसले

मागच्या अंकात बॉक्सिंगवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजचा नुसता ढीग पडला. बहुतेकांचा सूर एकच, "आपल्या पोरांना ढापलं". काही ठिकाणी ढापलंय हे खरंच आहे, पण सगळीकडे नाही, आणि तो फरक कसा ओळखायचा याच्यावरच आज बोलू. मुळात मराठीत घोळ शब्दापासूनच आहे, मारतात तोही पंच, मोजतो तोही पंच, आणि मोजणारे असतात पाच. म्हणून मी खाली सरळ जज म्हणतोय.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने तीनपैकी दोन राउंड जिंकले होते हे मी स्क्रीनवर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी ती हरली कशी? हे कुठलं गणित? (एक वाचक, सोलापूर)

दादा, हा प्रश्न 2021 पासून मला किमान पन्नास जणांनी विचारला असेल, आणि तुम्ही पाहिलं ते बरोबरच आहे. कोलंबियाच्या इंग्रित वॅलेन्सियाने पहिला राउंड 4-1 ने घेतला, दुसरा आणि तिसरा मेरीने 3-2, 3-2 असा घेतला आणि निकाल लागला 3-2 वॅलेन्सिया. मेरीला स्वतःलाही वाटलं होतं की आपण जिंकलोय.

गोम अशी की राउंड कोणी जिंकला याला शेवटी किंमतच नसते. प्रत्येक जजची स्वतःची वेगळी मार्कशीट असते, तो प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्याला 10 आणि दुसऱ्याला 9 देतो (फारच एकतर्फी असेल तर 8 किंवा 7), तीन राउंडची बेरीज करतो, आणि त्याच्या मार्कशीटवर जी पुढे तिला त्याचं एक मत. आता कागद घ्या. समजा पहिल्या जजने तिन्ही राउंड वॅलेन्सियाला दिले. दुसऱ्याने पहिले दोन तिला, शेवटचा मेरीला. तिसऱ्याने पहिला आणि शेवटचा तिला, मधला मेरीला. चौथ्याने पहिला तिला आणि पुढचे दोन मेरीला. पाचव्याने तिन्ही मेरीला. आता राउंडप्रमाणे मोजा, पहिला 4-1, दुसरा 2-3, तिसरा 2-3, म्हणजे अगदी स्क्रीनवर दिसलं तेच. आणि जजप्रमाणे मोजा, पहिले तिघे वॅलेन्सियाकडे, शेवटचे दोघे मेरीकडे. झालं 3-2. कुठल्या खुर्चीवरच्या जजने नेमकं काय दिलं ते सोडून द्या, पण हिशोब असा बसतो.

म्हणजे मेरी हरली ती पहिल्या तीन मिनिटांत. ॲमेच्युअरमध्ये, म्हणजे ऑलिंपिक-एशियाडवाल्या बॉक्सिंगमध्ये, तीनच राउंड असतात, प्रोफेशनलसारखे दहा-बारा नाहीत, त्यामुळे "आधी अंदाज घेऊ मग बघू" ही चैन इथे परवडत नाही. चार जजच्या कागदावर मागे पडून तुम्ही दुसरा राउंड सुरू केलात की पुढचे दोन काठावर जिंकून भागत नाही. मला विचाराल तर ती मॅच कोणाच्याही बाजूने जाऊ शकत होती, त्यात चोरी मला तरी दिसली नाही.

प्रश्न : एवढे कॅमेरे, सेन्सर आलेत, मग माणसं कशाला बसवायची? मशीनने मोजा ना! (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, औरंगाबाद)

मित्रा, मोजून झालंय. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने फायनलमध्ये कोरियाच्या पार्क सी-हुनला अक्षरशः धुतला होता, टीव्हीवाल्यांच्या मोजणीत जोन्सचे 86 पंच लागले आणि पार्कचे 32, आणि गोल्ड पार्कला, 3-2 ने! वर त्याच स्पर्धेचा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून ट्रॉफी जोन्सला. म्हणजे आयोजकांनीच कबुली दिल्यासारखं झालं. पुढे 2023 मध्ये पार्क स्वतः फ्लोरिडाला जोन्सच्या घरी गेला आणि ते मेडल त्याच्या हातात देऊन आला. पस्तीस वर्षं तो माणूस ते मेडल घेऊन कसा जगला असेल, मला जोन्सपेक्षा त्याचंच जास्त वाटतं.

तर त्या प्रकरणानंतर 1992 ला बार्सिलोनात बटणं आली. प्रत्येक जजसमोर लाल आणि निळ्या कॉर्नरच्या बॉक्सरसाठी एक लाल बटण, एक निळं, आणि पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत तेच बटण दाबलं तरच पॉइंट. ऐकायला झकास ना? झालं काय, पोटात मारलेला पंच रिंगच्या दुसऱ्या बाजूच्या जजला दिसतच नाही, मग तिघांची बोटं एकदम पडणार कशी. त्यामुळे बॉडी पंच मारणं पोरांनी सोडूनच दिलं, लांबून टुकटुक करायचं, एक टच, मागे पळ, आणि हलका टच आणि जबडा हलवणारा हुक यांना सारखाच एक पॉइंट. विजेंदर बीजिंगच्या सेमीफायनलला 5-8 हरला, मेरी लंडनच्या सेमीफायनलला निकोला ॲडम्सकडून 6-11, हे आकडे त्या बटणांचेच. आणि बटणांनी भांडणं काही थांबली नाहीत. लंडनलाच जपानच्या शिमिझूने समोरच्याला एका राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं आणि निकाल 22-17 समोरच्याला! नंतर तो फिरवला, रेफ्रीला घरी पाठवलं. आपला विकास कृष्ण एरॉल स्पेन्सला 13-11 ने हरवून परत गेला आणि अमेरिकेच्या अपीलनंतर 15-13 ने हरला, कारण त्याने तिसऱ्या राउंडमध्ये नऊ वेळा पकडून ठेवलं होतं आणि रेफ्रीने एकदाही पॉइंट कापला नव्हता. राग येतो पण व्हिडिओ बघा, पकडलं होतं.

2013 ला बटणं गेली, 10 मार्कांची पद्धत आली, आणि 2016 ला रिओत परत बोंब. आयर्लंडचा मायकल कॉनलन हरला तेव्हा त्याने जजना दोन्ही हातांची मधली बोटं दाखवली, जगाने बघितलं. नंतर कॅनडाचे कायद्याचे प्राध्यापक मॅक्लारेन यांच्या चौकशीत कळलं की रिओत कोणाला कुठली मॅच द्यायची हेच वरून ठरत होतं, आणि रिओचे सगळे 36 रेफ्री-जज टोकियोतून बाहेर. तेव्हा मशीन आणून काय होणार, मशीनचं बटण दाबणारं बोट कुणाच्या खिशात आहे हा प्रश्न आधी सुटायला हवा.

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा पातळीवर खेळते. पूर्ण मॅच ती पुढे जात होती, समोरची मागे मागे, तरी 5-0 हरली. आम्ही सगळे ओरडत होतो तरी जजना दिसलं नाही का? (एक आई, नाशिक)

ताई, ओरडत होतात तोच प्रॉब्लेम आहे, रागावू नका. मी स्वतः एकदा एका स्पर्धेत जज म्हणून बसलो होतो, स्पर्धेचं नाव सांगत नाही. रिंगच्या एका बाजूला दोन जज आणि बाकी तीन बाजूंना एकेक अशी बसायची पद्धत, आणि माझ्या समोर रेफ्रीची पाठ सारखी यायची. लाल कॉर्नरच्या पोराने दोरांपाशी सात-आठ पंचांचा सपाटा लावला, हॉल नुसता पेटला, मी राउंड लाल दिला. संध्याकाळी कोणीतरी मोबाइलवर शूट केलेलं दाखवलं, त्या आठातले सहा निळ्याच्या कोपरावर आणि हातांवर, एक डोक्याच्या मागे, आणि त्याच वेळी निळ्याने दोन सरळ जॅब नाकावर मारलेले, आवाज न करता. मी कानाने मार्क दिले होते. आजही तो पोरगा आठवला की कसंतरी होतं.

पुढे जाण्याला मार्क नाहीत. मार्क कशाला, तर बंद मुठीच्या पुढच्या भागाने, म्हणजे बोटांच्या गाठी असतात तिथल्या भागाने, समोरच्याच्या डोक्याच्या किंवा धडाच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर, मध्ये हात न येता लागलेल्या पंचाला. पूर्वी ग्लोव्हजवर तेवढा भाग पांढरा असायचा, जजला बरं पडायचं. उघड्या ग्लोव्हने चापट मारली, मनगटाने घासलं, मानेमागे लागलं, सगळं शून्य. हे मोजून झाल्यावर मग बघायचं की मॅच कोणाच्या मर्जीने चालली होती. आणि इथे मागे सरकणारीच बऱ्याचदा मालकीण असते! ती मुद्दाम ओढून घेते, तुमची मुलगी आत आली की एक सरळ मारते आणि बाजूला होते.

आमचे कोच एक करायला लावायचे. मॅचचा व्हिडिओ आवाज बंद करून लावायचा, समोर दोन वाट्या, हातात शेंगदाणे. पहिल्यांदा बघताना फक्त एकाच बॉक्सरकडे बघायचं, त्याचा स्वच्छ पंच लागला की एक दाणा वाटीत. मग परत पहिल्यापासून, आता दुसऱ्याकडे. खात्री नसेल तर दाणा तोंडात टाकायचा, वाटीत नाही. पहिल्या वेळी मी निम्मी पुडी खाल्ली होती, म्हणजे निम्मे पंच मला दिसलेच नव्हते! मुलीसोबत बसून हे करा. पुढे जाताना तिचा पुढचा पाय आधी पडतो आणि हात नंतर निघतो का तेही बघा, कारण तो अर्धा सेकंद समोरचीला फुकट मिळतो. सोबत पुण्याच्या देविका घोरपडेच्या मॅच मिळाल्या तर त्याही याच पद्धतीने बघा, 2022 ला स्पेनमध्ये युथ वर्ल्डच्या फायनलला तिने 5-0 ने गोल्ड घेतलंय.

प्रश्न : खाली पाडलं म्हणजे जिंकलं ना? (कोल्हापूर)

कोल्हापूरकर, ही कुस्ती नव्हे. ॲमेच्युअरमध्ये पाडल्याचा वेगळा मार्क नाही. रेफ्री आठपर्यंत मोजतो, उठला तर खेळ पुढे चालू, आणि जजच्या लेखी तो एक चांगला पंच, बस्स. उठलाच नाही तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : सरिता देवीने मेडल परत केलं ते बरोबर की चूक? आणि अपील करता येत नाही का? (एक वाचक, ठाणे)

2014, इंचॉन एशियाड, 60 किलो सेमीफायनल, समोर कोरियाचीच पार्क जी-ना आणि निकाल 0-3 (तेव्हा तिघांचीच मतं धरायचे). मी ती मॅच शेंगदाणे घेऊन दोनदा बघितलीय, मला सरिताच वाटली. तेव्हा जजच्या मतावर अपीलच करता येत नव्हतं, अर्ज केला तर फेटाळला. मग तिने पोडियमवर रडत ब्राँझ पार्कच्या गळ्यात घातलं, आणि वर्षभराची बंदी ओढवून घेतली. बरोबर की चूक विचारता, तर चूक पार्कच्या बाबतीत झाली असं मला वाटतं, ती पण एक खेळाडूच, तिने थोडेच मार्क दिले होते. पण सरिताच्या जागी मी असतो तर याहून वाईट काहीतरी केलं असतं.

नंतर रिव्ह्यू आला. 2023 च्या दिल्ली वर्ल्ड चॅम्पियनशिपला 3-2 असं फुटलं की पाचांशिवाय आणखी दोघांचं मत धरायचे. म्हणून तिथे स्वीटी बुराने चीनच्या वांग लीनाला 4-3 ने हरवलं आणि लवलीनाने ऑस्ट्रेलियाच्या केटलिन पार्करला 5-2 ने. मॅच आपल्या दिल्लीत, निकाल आपल्या बाजूने, तेव्हा मात्र मला "ढापलं" म्हणणारं एकही पत्र आलं नव्हतं, हे आपलं सहज सांगतो.

प्रश्न : घरून मॅच बघताना मार्क द्यायचेत. कसे देऊ? (एक आजोबा, मडगाव)

आजोबा, प्रत्येक राउंड संपला की पंधरा सेकंदांत लिहून टाका, जजना तेवढाच वेळ असतो. कॉमेंट्री बंद. आधीच्या राउंडकडे बघायचं नाही, नवा राउंड नवा कागद. आणि मॅच संपली की आधी आपली बेरीज करा, मगच निकाल ऐका, नाहीतर पेन्सिल आपोआप निकालाकडे सरकते. दाणे नको, दात सांभाळा, चणे-कुरमुरे चालतील.